मनिलाचे मॉल, भाताची मूद आणि दोनशे पेसोंत पोटभर जेवण

भातखाऊ (धागाकर्ता)

मनिलात येऊन मला आता तीन वर्षं होतील. ऑफिस ओर्तिगासला, राहायलाही तिथेच जवळ. मॉलमधल्या खाण्याबद्दलचं माझं मत निघण्याआधी पुण्यातच पक्कं झालं होतं: पाचशे रुपयांचा पिझ्झा, टॅक्स वेगळा, आणि घरी येऊन पुन्हा वरणभात. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात ऑफिसातली मंडळी "चल, दुपारचं जेवण मेगामॉलला" म्हणाली तेव्हा मी आधी पाकीट चाचपलं.

एसएम मेगामॉल हे एड्सा नावाच्या हमरस्त्यावरचं अवाढव्य प्रकरण, १९९१ सालचं. दारातला रखवालदार हातातल्या काडीने आपली पिशवी उघडून बघतो, 'गुड आफ्टरनून मॅम-सर' म्हणतो (समोर बाई असो की बाप्या, दोन्ही शब्द एकदमच), आणि बाहेरच्या घामट उन्हातून आपण थेट महाबळेश्वरात. फूडकोर्टात काचेआड वीसेक पसरट भांडी मांडलेली. आपण नुसतं बोट दाखवायचं, हे आणि ते. मग ताई भाताची मूद काढते. हो, मूदच! वाटीत दाबून उलटी केलेली, आपल्या नैवेद्याच्या पानावर असते तशी. शेजारी एक मांसाहारी पदार्थ, एक भाजी, वाटीत गरम आंबट पाणी. दीडशे ते दोनशे पेसो. पेसो साधारण दीड रुपयाचा धरा.

या पद्धतीला 'तुरो-तुरो' म्हणतात. तुरो म्हणजे बोट दाखवणं. मुळात ही रस्त्याकडेच्या खानावळींची रीत, मॉलने ती उचलून एसीत नेली. आणि माझ्या मते फिलिपिनो घरात जे शिजतं ते बाहेरच्या माणसाला सगळ्यात सोप्या रीतीने इथेच कळतं. महागड्या 'हेरिटेज' हॉटेलात जाऊन कळत नाही.

कळण्याची किल्ली म्हणजे एक शब्द: 'उलाम'. जेवण म्हणजे भात, आणि भाताबरोबर जे काही असेल ते उलाम. मासा असो, डुक्कर असो, वांगं असो. इथले लोक गोऱ्या पाहुण्यांना हा शब्द समजावताना दमतात. मला एका क्षणात समजला. कालवण! आमच्या चिपळूणच्या घरात शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी "आज कालवण काय?" विचारायचो, अगदी तोच प्रश्न इथली पोरं विचारतात, "आनोंग उलाम?"

आता माझी नेहमीची ठरलेली उलामं.

सिनिगांग. चिंचेचं पातळ सार, त्यात मुळा, भेंडी, चवळीच्या शेंगा, नाळीची भाजी, एक लांब हिरवी मिरची आणि डुकराचं मांस किंवा कोळंबी. रस्सा दाटावा म्हणून अळकुडी घालतात. तिखट अजिबात नाही, पण आंबटपणा असा की कानामागे झिणझिण्या येतात. पावसाळ्यात दुसरं काही नको. चिंचेऐवजी कधी पेरू, कधी बिंबलं घालतात. बिंबलं! आजोळच्या परसात सडा पडायचा, कोणी विचारत नव्हतं.

लाईंग. बिकोल प्रांतातला पदार्थ. वाळवलेली अळूची पानं नारळाच्या दुधात, मिरची सढळ. शिजताना ढवळायचं नाही, ढवळलं तर खाजतं, असा तिथल्या बायकांचा दंडक आहे. चिंच न घालता अळू खाजत नाही हे मला आईला पटवता आलेलं नाही.

कारे-कारे. दाण्याच्या कुटाच्या दाट रश्शात बैलाचं शेपूट, वांगी, केळफूल. रस्सा मुद्दाम अळणी, कारण सोबत 'बागोओंग' येतं. बागोओंग म्हणजे जवळ्याला मीठ लावून आंबवलेली चटणी. दाण्याची आमटी आणि जवळा एका घासात, ऐकायला विचित्र वाटेल. पहिल्यांदा मलाही वाटलं होतं.

आणि अर्थात मांग इनासाल. याच्यावर खरं तर वेगळा धागा निघेल. ही हॉटेलांची साखळी २००३ साली इलोइलो शहरातल्या एका मॉलच्या पार्किंगच्या आवारात सुरू झाली. एदगार सिया, टोपणनाव इंजॅप, वय तेव्हा पंचविशीचं. २०१० मध्ये जॉलिबी या इथल्या बड्या फास्टफूड कंपनीने तिचा ७० टक्के हिस्सा ३०० कोटी पेसोंना घेतला. माल काय? गवती चहा, आलं, व्हिनेगर आणि कालामान्सी या इटुकल्या लिंबाच्या रसात मुरवलेली कोंबडी, बांबूच्या काडीला टोचून कोळशावर भाजलेली, केळीच्या पानावर वाढलेली. 'पाआ' घ्यायचा की 'पेचो' एवढंच ठरवायचं. पेचो म्हणजे छाती. पाआ म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको, पायच.

आणि भात अमर्याद! 'अनली राइस' घेतला की एक दादा भाताची बादली घेऊन टेबलांमधून फिरत राहतो, आपल्या पंगतीत फिरतात तसा. हात वर केला की मूद पडते. टेबलावर शेंदरी रंगाच्या तेलाची बाटली असते, कोंबडीच्या चरबीत शेंद्रीच्या बिया तळून काढलेलं तेल. ते भातावर ओतायचं. डॉक्टरांनी हा परिच्छेद वाचू नये. माझा विक्रम पाच मुदींचा. शेजारच्या टेबलावर एक सडपातळ पोरगी सातवी घेत होती, म्हणून मी गप्प बसलो.

तुमचे अनुभव लिहा. इथे बरीच जहाजावरची आणि दक्षिणेकडच्या दावाव शहरातली मंडळी आहेत हे माहीत आहे.

---

शेवग्याची_शेंग

तोंडाला पाणी सुटलं आणि लगेच आटलं, कारण मी शाकाहारी. अंडं चालतं. मागच्या वर्षी नवऱ्याच्या कामानिमित्त मकातीत दहा दिवस होते. एका मॉलमध्ये 'व्हेजिटेबल' लिहिलेली भाजी घेतली. लाल भोपळा आणि चवळीच्या शेंगा, नारळाच्या दुधात. सुंदर! तिसऱ्या घासाला कोळंबी लागली. परत गेले, तर ती मुलगी अगदी मनापासून म्हणाली, "मॅम, भाजीच आहे, कोळंबी थोडीशीच आहे." रागवणार तरी कशी! पुढचे नऊ दिवस फ्रेंच फ्राइज आणि केळी.

---

बांगडा_फ्राय

भातखाऊ, बरं लिवलंस. मी मर्चंट नेव्हीत २२ वर्षं. निम्म्याहून जास्त जहाजांवर कुक फिलिपिनो, त्यामुळे आदोबो मी मनिला बघायच्या कितीतरी आधी खाल्लाय. व्हिनेगर, सोया, लसूण, तमालपत्र, काळी मिरी, संपला मसाला. व्हिनेगरमुळे टिकतो म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. आपल्या माशाच्या कालवणासारखाच.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस. आमच्या मेसमध्ये सगळे चमचा-काट्याने जेवायचे, मी हाताने. पहिल्या दिवशी मला जरा संकोच वाटला. बोसनने (खलाशांचा मुकादम) बघितलं, काटा बाजूला ठेवला आणि स्वतः हाताने सुरू केलं. त्यांच्यात याला 'कामायान' म्हणतात, कामाय म्हणजे हात. मॉलमध्ये मांग इनासालला प्लास्टिकचे हातमोजे देतात, ते मात्र मी कधीच घातले नाहीत. मोजे घालून जेवायचं तर मग हाताने कशाला?

---

दावोकर

मी दावावला एमबीबीएसला समकक्ष कोर्स करतोय, चौथं वर्ष. इथे महाराष्ट्रातली पोरं पुष्कळ आहेत, तमिळ त्याहून जास्त.

भातखाऊ दादा, लेख आवडला, पण शीर्षकावर आक्षेप. दोनशे पेसो स्वस्त कोणाला? मनिलाचं किमान वेतन जुलै २०२४ ला ६४५ पेसो झालं. दिवसाचं! म्हणजे एका माणसाच्या एका जेवणात जवळजवळ एक तृतीयांश मजुरी. तुमच्या-माझ्यासाठी रुपयांत स्वस्त, काउंटरमागच्या ताईसाठी नाही. ती स्वतः जेवायला मॉलच्या मागच्या दाराने बाहेर पडते. कुठल्याही मॉलच्या मागच्या गल्लीत जाऊन बघा, कारिंदेरिया असते. पत्र्याचं छप्पर, प्लास्टिकची स्टुलं, तेच उलाम, निम्म्या किमतीत. आणि जास्त चवदार, कारण मॉलवाले सगळं गोड करतात.

कारिंदेरिया हा शब्दही 'कारी'वरून आला असं म्हणतात. म्हणजे आपलीच करी, फिरून फिरून आलेली.

अवांतर: इथे भारतीय माणसाला 'बुंबाय' म्हणतात. पंजाबी असो, तमिळ असो, सगळे बुंबाय. पहिल्यांदा एका म्हातारीने "बुंबाय?" विचारलं, मी खुशीत म्हणालो, "हो हो, मुंबईजवळच, कल्याण!" वर्गमित्र अजून हसतात. कांद्यालाही 'सिबुयास बोंबाय' म्हणतात. लासलगावला कळवा कोणीतरी.

---

हळद_कुंकू

कल्याणवर खूप हसले!! +१

---

भातखाऊ

दावोकर, आक्षेप बरोबर आहे. शीर्षक माझ्या खिशातून आलंय. मकातीत ऑफिसवाल्यांसाठी फुटपाथवर पत्र्याच्या गाड्या असतात, त्यांना गमतीने 'जॉलीजीप' म्हणतात. महिन्याच्या शेवटी तिथे आमच्या ऑफिसातले मॅनेजरसुद्धा दिसतात.

पण एक सांगतो. १५ आणि ३० तारखेला पगार होतात. त्या संध्याकाळी मेगामॉलला ये. आजी-आजोबा, आई, तीन पोरं, मावशी, मावशीचं पोर, अशी दहा माणसं चार टेबलं जोडून बसलेली असतात. मधोमध एक मोठं पांसित, म्हणजे शेवयांचं ताट, कोंबडी आणि बाजूला मुदींची रांग. कोणाचा तरी वाढदिवस असला तर पांसित हवंच. लांब शेवई, लांब आयुष्य. ही माणसं रोज येत नाहीत हे खरं, पण पंधरा दिवसांनी येतात, आणि त्यांच्यासाठी ही जागा परकी नाही. रविवारी तर मॉलमध्येच प्रार्थनाघरात मिस्सा होते, मग तिथूनच जेवायला. आपल्याकडे देवळाबाहेरच्या खानावळीत बसतात तसं. मॉल म्हणजे उच्चभ्रूंची जागा हा आपला हिशेब इथे लागू पडत नाही. माझा मुद्दा एवढाच होता.

गोड करतात, हे मात्र शंभर टक्के मान्य. जॉलिबीच्या स्पॅगेटीबद्दल मी मुद्दाम लिहिलं नाही.

---

दावोकर

लिहाच!

---

भातखाऊ

बरं. जॉलिबी ही इथली राष्ट्रीय गोष्ट आहे. तोनी तान काकत्योंग यांनी १९७५ मध्ये क्युबाओला आइस्क्रीमचं दुकान काढलं, लोक आइस्क्रीमपेक्षा गरम खाणंच जास्त मागायला लागले, आणि पुढचा इतिहास तो लाल मधमाशीचा पुतळा घेऊन दारात उभा असतो. कोंबडी खरंच उत्तम. तीही भाताबरोबर, ग्रेव्ही ओतून. पण स्पॅगेटीत साखर आणि वर लाल सॉसेजच्या चकत्या! पोरांच्या वाढदिवसाला हेच लागतं. इथल्या घरच्या स्पॅगेटीत केळ्याचं केचप पडतं. टोमॅटो मिळेना म्हणून केळ्यापासून केचप करण्याचं श्रेय मारिया ओरोसा या अन्नतंत्रज्ञ बाईंना देतात. १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत त्या गेल्या. त्यांच्याबद्दल आदर आहे. स्पॅगेटीबद्दल नाही.

---

पणजीकार

उशिरा आलो. माझी मामेबहीण क्वेझोन सिटीत आहे, तिच्याकडे दोनदा जाऊन आलो. मी मांग इनासालपेक्षा बिबिंकावर लिहिणार.

आमची गोव्याची बिबिंक म्हणजे थरांची: अंडी, नारळाचं दूध, मैदा, तूप, एकेक थर भाजत बसायचं. यांची बिबिंका तांदळाच्या पिठाची, एक थराची, केळीच्या पानावर भाजलेली, वर खारवलेलं अंडं, चीज आणि खोवलेलं खोबरं. नाव तेच, पदार्थ वेगळा. पण भाजण्याची जुनी रीत सारखी, वर निखारे आणि खाली निखारे. मूळ कोणाचं यावर बहिणीच्या सासूबरोबर माझा वाद झाला. तिने मला तिसरी बिबिंका वाढली आणि वाद संपला.

डिसेंबरात पहाटेच्या मिस्सेनंतर चर्चबाहेर मिळते ती खरी. मॉलमध्ये बारा महिने मिळते, पण ओव्हनमधली. धूर नसतो. चालते, धावत नाही.

आणि दिनुगुआन कोणी खाल्लं का? डुकराचं रक्त आणि व्हिनेगर. ज्यांनी जुन्या पद्धतीचं सोरपोतेल खाल्लंय त्यांना काही सांगायला नको. बहिणीच्या फ्रीजमध्ये माडीचं व्हिनेगर बघितलं तेव्हा तर म्हटलं, हे म्हापशाच्या बाजारातूनच आणलं असणार.

---

तांदूळमास्तर

मी लॉस बान्योसला आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काही वर्षं होतो, आता निवृत्त होऊन दापोलीत. भाषेतली एक गोष्ट नोंदवतो. शेतात उभा आहे किंवा टरफलात आहे तो 'पालाय', टरफल काढलेला तो 'बिगास', शिजलेला तो 'कानिन'. आपल्याकडे साळ, तांदूळ, भात. इंग्रजीला तिन्हींसाठी एकाच शब्दावर भागवावं लागतं. शिळा भात 'बाहाव', तळाशी लागलेली खरपुडी 'तुतोंग', आणि शिळा भात लसणावर परतला की 'सिनांगाग'. आपला फोडणीचा भात, फक्त हळद-मोहरी नाही. त्यावर अंडं आणि वाळवून तळलेलं मांस ठेवलं की 'तापसिलोग', तीन शब्दांचे तुकडे जोडून केलेलं नाव. मॉल उघडल्या उघडल्या, सकाळी दहाला, हे खावं.

अमर्याद भातावरून तिथे राजकारणही झालंय. २०१७ मध्ये सेनेटर सिंतिया विल्यार यांनी मधुमेहाचं कारण देऊन अनली राइसवर बंदीची भाषा केली. लोक असे खवळले की त्यांना माघार घ्यावी लागली. फिलिपिन्स जगातल्या सर्वांत मोठ्या तांदूळ आयातदारांत आहे, त्यामुळे चिंतेला जागा आहे. पण मधुमेही म्हणून सांगतो, त्या बादलीवाल्या दादाला नाही म्हणणं सोपं नाही.

---

कोथिंबीर_जुडी

आम्ही मे महिन्यात जातोय, मी, नवरा, दोन मुलं आणि सासरे (वय ७१). भारतीयांना आता १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही हे कळल्यावर लगेच तिकिटं काढली. प्रश्न: (१) मुलांना तिखट चालत नाही. (२) ज्येष्ठ नागरिकांना हॉटेलात २० टक्के सूट असते हे खरं का? (३) गोड काय खावं?

---

भातखाऊ

ताई, तिखटाची काळजी सोडा. उलट तुम्हालाच मिरची मागावी लागेल. "सिली" म्हणा, बारीक लाल मिरच्या आणून देतात, त्या सोया आणि कालामान्सीत चुरडायच्या. सूट खरी आहे, कायद्यानेच आहे, वर व्हॅटही माफ. पण ती फिलिपिन्सच्या नागरिकांना, ओळखपत्र दाखवून. सासऱ्यांना नाही मिळणार. त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर आमच्या बाबांसारखे काउंटरवर आधार कार्ड काढतील.

वेटरला हाक मारताना पुरुषाला 'कुया', बाईला 'आते'. दादा आणि ताईच. वाक्याच्या शेवटी 'पो' लावलं की आदर येतो. बिल हवं असेल तर दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत चौकोन काढायचा. आणि फूडकोर्टात 'क्लेगो' अशी पाटी दिसली तर घाबरू नका, खाऊन झालं की आपलं ताट आपण उचला, एवढाच अर्थ.

गोडात हालो-हालो. हालो म्हणजे मिसळणं, म्हणजे शब्दशः मिसळ-मिसळ. किसलेला बर्फ, आटीव दूध, गोड राजमा (हो!), पाकातली केळी, साबुदाणा, नारळाची जेली, जांभळ्या कोनफळाचा हलवा, वर कॅरॅमल कस्टर्ड आणि कोवळ्या भाताचे भाजलेले पोहे. तळापासून ढवळून खायचं. मुलांना आवडेल, सासरे राजम्यावर अडतील. त्यांना तुरोन द्या: केळं आणि फणसाचा गर पातळ पारीत गुंडाळून साखरेत तळलेला. फणस दिसला की कोकणी माणूस नरमतो.

---

शेवग्याची_शेंग

सगळे माझं दुःख विसरलात. येत्या हिवाळ्यात पुन्हा जायचंय. पोटभर शाकाहारी, भाताबरोबर, मॉलमध्ये, एक तरी नाव सांगा. टोफू सोडून.

---

दावोकर

ताई, शुक्रवारी मुंगो विचारा. 'गिनिसांग मुंगो', म्हणजे फोडणीचे मूग. शुक्रवारी मांस टाळायची कॅथलिक चाल, म्हणून बहुतेक कारिंदेरियात शुक्रवारी मूग असतात. आता मांस टाळायचं म्हणून मूग, आणि चवीला म्हणून त्यात डुक्कर, हा भाग वेगळा. "वालांग कारने, वालांग इस्दा" पाठ करा: मांस नको, मासा नको. आणि "वालांग पातिस" सुद्धा, तो माशाचा खारा अर्क असतो, त्याला इथे कोणी मासा समजत नाही.

वांग्याचं भरीत-ऑम्लेटही बघा, 'तोर्तांग तालोंग'. वांगं भाजून, सोलून, देठासकट अंड्यात बुडवून तव्यावर. फक्त खिमा घातलाय का ते विचारून घ्या.

---

भातखाऊ

आज शुक्रवार होता, म्हणून ताईंसाठी मेगामॉलचा फूडकोर्ट पिंजून काढला. पहिल्या काउंटरला मुगात डुकराचे तुकडे. दुसऱ्याला धुरी दिलेला मासा. तिसऱ्या काउंटरवरच्या आतेला विचारलं, तर म्हणाली, "कांदा, लसूण, टोमॅटो आणि मालुंगाय, बस. चिचारोन वरून टाकते." चिचारोन म्हणजे डुकराची तळलेली कुरकुरीत कातडी. म्हटलं, ते नको. तिने माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि चिचारोन वेगळ्या कागदात बांधून दिलं, ते सहकाऱ्याने खाल्लं.

मूग मऊ, अंगाबरोबर रस, वर हिरवा पाला. मूद फोडून कालवलं, कालामान्सी पिळलं. जिरं नव्हतं, बाकी आमच्या घरचंच. तोर्तांग तालोंगसकट १४० पेसो.

आणि ताई, मालुंगाय म्हणजे काय ते नंतर बघितलं. शेवग्याचा पाला!

---

शेवग्याची_शेंग

अहो, डोळ्यात पाणी आलं. पण फोडणी कशावर दिली होती ते विचारलंत का? तेल की चरबी?

---

भातखाऊ

पुढच्या शुक्रवारी विचारतो.